चिखलीच्या मामांकडचा वाकवलेला पत्रा: कुठल्या विमानाचा असेल?

अंत्रुजकार | 14 एप्रिल, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. माझं आजोळ चिखलीला, दाबोळीच्या धावपट्टीपासून जवळच. परवा मामींना सोलं करायला मदत म्हणून गेलो होतो. मागच्या अंगणात कोकमाची सालं ज्याच्यावर वाळत घालतात तो पत्रा मी लहानपणापासून बघतोय. या वेळी पहिल्यांदाच तो एकट्याने उचलला आणि चाट पडलो. एवढ्या मोठ्या पत्र्याला वजनच नाही. लोहचुंबक चिकटत नाही. कडेकडेने रिव्हेटांच्या ओळी आहेत आणि आतून दोन पट्ट्या आडव्या मारलेल्या आहेत.

लांबी साधारण 110 सेंटीमीटर, रुंदी 70. आकार डोणीसारखा खोलगट, एका टोकाकडे दोन्ही बाजूंनी निमुळता होत गेलेला. आतून पिवळट हिरवा रंग, बाहेरून करडा. एका जागी करड्या रंगाचा पोपडा उडालाय, त्याखाली लाल अक्षरं दिसतात: पी-ए-एस, मग थोडी जागा सोडून एम-ए-आर. पुढचं रंगाखाली गेलंय.

घरात पक्कं सांगतात की हा 1961 साली पाडलेल्या पोर्तुगीज विमानाचा तुकडा. आजोबा म्हणायचे, पोर्तुगीजमध्ये ‘मार’ म्हणजे समुद्र, तेव्हा हे समुद्रावर उतरणारं विमान असणार. मामांची परवानगी घेऊन पाच फोटो टाकतोय. उद्या काथ्याने घासून, धुऊन पुन्हा फोटो काढू का? एखादा नंबर सापडेल.

रिव्हेटमोजणी | 14 एप्रिल, रात्री 10.05

घासू नका! कृपा करून काथ्या, चिंच, पॉलिश पेपर, काहीही लावू नका. अशा पत्र्यावर कारखान्याचे शिक्के पुष्कळदा नुसत्या शाईचे असतात. साठ वर्षं टिकलेली शाई दोन मिनिटांच्या घासण्यात जाते. रंगाचे थरही पुरावाच आहेत. कोरडा मऊ ब्रश फिरवा, बस.

आणि दुसरं, याहून तातडीचं. आतला तो पिवळट हिरवा रंग झिंक क्रोमेटचा असण्याची दाट शक्यता आहे. अ‍ॅल्युमिनियम गंजू नये म्हणून विमानांना आतून तो लावायचे. त्यातलं क्रोमियम विषारी आहे, कर्करोगाला कारण ठरतं. कोकमाचा आंबटपणा आणि मीठ दोन्ही त्या रंगावर आणि पत्र्यावर चालून जातात. मामींना आजच सांगा, त्याच्यावर खाण्याची कुठलीही वस्तू वाळत घालू नका. पत्रा खरवडायचाही नाही, ती धूळ नाकात जायला नको.

अंत्रुजकार | 14 एप्रिल, रात्री 10.30

आत्ताच फोन केला. मामी गप्पच झाल्या. यंदाची पहिली खेप त्याच्यावर वाळलेली होती, ती टाकून देणार आहेत. पत्रा गोठ्याच्या भिंतीला उभा करून ठेवला आहे. मनापासून आभार.

सांब्राकर | 15 एप्रिल, सकाळी 7.15

पाडलेल्या पोर्तुगीज विमानाबद्दल आधी बोलू, कारण ही गोष्ट मी गोव्यात निदान तीन घरांत ऐकली आहे. 18 डिसेंबर 1961 ला सकाळी पुण्याहून आलेल्या 12 कॅनबेरा बाँबफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. आमच्या बेळगावजवळच्या सांब्र्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर हल्ला केला. पण पोर्तुगालचं एकही लढाऊ विमान गोव्यात नव्हतं, त्यामुळे आकाशात लढाई झाली नाही आणि कुणी कुणाला पाडलं नाही. दाबोळीला दोन प्रवासी विमानं उभी होती, एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-4. दोन्ही त्याच रात्री उखडलेल्या धावपट्टीवरून कशीबशी उडाली आणि कराचीला पोहोचली.

बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल वैमानिकी संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन आहे, ते बघून पुष्कळजण ‘हेच ते पोर्तुगीज विमान’ असं सांगतात. ते नव्हे. ते आपलं एअर इंडियाचं, पुढे हवाई दलाचं आणि 1976 पासून नौदलाचं.

माझा अंदाज: तुफानी. दासो या फ्रेंच कंपनीचं लढाऊ विमान ऊरागाँ, त्याला आपण तुफानी म्हणायचो.

रिव्हेटमोजणी | 15 एप्रिल, सकाळी 8.00

सांब्राकर, तुफानी का?

सांब्राकर | 15 एप्रिल, सकाळी 8.20

अक्षरांवरून. मला ती फ्रेंच वाटतात. पोर्तुगीज येणारं कुणी आहे का इथे?

मालन_पेडणे | 15 एप्रिल, दुपारी 1.10

माझी आई पोर्तुगीज काळात पणजीच्या लिसेवात शिकली. नव्वदीच्या घरात आहे, पण भाषा अजून जिभेवर. तिला फोटो मोठा करून दाखवला. ती म्हणाली, ‘मार’ म्हणजे समुद्र हे खरं, पण ‘पी-ए-एस’ असा शब्द आमच्या पोर्तुगीजमध्ये नाही. शांतता म्हणायचं तर शेवटी झेड येतं. मग तिनेच विचारलं, हे फ्रेंच तर नव्हे? लिसेवात फ्रेंचही शिकवायचे. तिच्या मते आधी ‘ने’ असणार आणि पुढचा शब्द ‘मार’ नव्हे, ‘मार्शे’चा तुकडा. ने पा मार्शे, म्हणजे ‘चालू नये’.

एवढं सांगून म्हणाली, पत्र्यावर चालू नये असं कशाला लिहितील?

रिव्हेटमोजणी | 15 एप्रिल, दुपारी 1.45

मालनताई, आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी आमचं अर्धं काम करून टाकलं. विमानाची देखभाल करणारी माणसं पंखावर चढतात. जिथे पत्रा पातळ असतो, आतून आधार नसतो, तिथे पाय ठेवू नये म्हणून ही सूचना रंगवलेली असते. म्हणजे हा तुकडा माणसाचा पाय पडू शकेल अशा जागेचा, वरच्या अंगाचा. पोटाखालचा नव्हे.

अंत्रुजकार, आता मोजमाप. स्टीलची पट्टी घ्या, शिंप्याची टेप नको. एका सरळ ओळीतल्या पहिल्या रिव्हेटच्या मध्यापासून एकविसाव्या रिव्हेटच्या मध्यापर्यंतचं अंतर सांगा, म्हणजे वीस घरं. एकच घर मोजून काही कळत नाही, कारण 25 मिलिमीटर आणि एक इंच यांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक. वीस घरांत मात्र तो 8 मिलिमीटर होतो. 500 आलं तर मेट्रिक, 508 आलं तर इंच. ब्रिटिश आणि अमेरिकन कारखाने इंचात आखायचे, फ्रेंच मिलिमीटरमध्ये. एखादा बोल्ट शिल्लक असेल तर त्याला कुठला पाना बसतो तेही बघा, पण फिरवू नका.

म्हापसेकर | 15 एप्रिल, दुपारी 3.30

धाग्यात मध्येच विचारतो, माफ करा. वडिलांनी जुन्या बाजारातून आणलेली एक काळी गोल तबकडी आहे, उंची दाखवणारी. मागे राजमुकुट, त्याखाली ए-एम अशी अक्षरं आणि ‘6ए’ ने सुरू होणारा क्रमांक. स्पिटफायरची असेल का? काच तडकली आहे, काढून नवी बसवायचा विचार आहे.

रिव्हेटमोजणी | 15 एप्रिल, दुपारी 3.50

काच काढू नका. आकडे रात्री चमकावेत म्हणून त्या काळी रेडियमचा रंग वापरायचे. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, आणि सुकलेला रंग भुकटी होऊन गळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, मुलांपासून लांब ठेवा, हात धुवा.

मुकुट आणि ए-एम म्हणजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्री. 6ए हा त्यांच्या कोठारातला विभाग, विमानातल्या उपकरणांचा. हा क्रमांक वस्तूचा असतो, विमानाचा नसतो. तीच तबकडी पाचपन्नास प्रकारच्या विमानांत बसायची, त्यामुळे तिच्यावरून स्पिटफायर म्हणता येत नाही. कारखान्याच्या आराखड्याचा क्रमांक ही वेगळी गोष्ट. स्पिटफायरचा पहिला प्रकार म्हणजे टाइप 300, त्याच्या सुट्या भागांवर 300 आधी येतं. लिबरेटरच्या भागांवर 32, कॅटालिनाच्या भागांवर 28, कारण त्या कारखान्यात ती मॉडेल 32 आणि 28 होती. असा आकडा मिळाला की विमान हाती लागतं.

अंत्रुजकार | 16 एप्रिल, संध्याकाळी 6.20

चिखलीहूनच लिहितोय. वीस घरं मोजली. तीनदा मोजली, एकदा मामांनीही मोजली. बरोबर 500.

एका कोपऱ्यात एकच बोल्ट उरलाय. त्याला मामांच्या पेटीतला 8 नंबरचा पाना चपखल बसला. इंचाच्या पान्यांपैकी एक ढिला, दुसरा शिरतच नाही.

पण एक विचित्र गोष्ट आहे. निमुळत्या टोकाजवळ वेगळ्या पत्र्याचं तळहाताएवढं ठिगळ मारलंय. तिथली घरं वेगळी वाटतात. आठ घरं मोजली तर 203 आलं. चुकलं का माझं?

मोडवाला_मडगाव | 16 एप्रिल, रात्री 8.45

आमचा तीन पिढ्यांचा मोडीचा धंदा. फोटो चार नीट बघा. तीन कडा कारखान्याच्या आहेत, सरळ, भोकं ओळीत. चौथी कड कुऱ्हाडीने तोडलेली आहे, घाव मोजता येतील. जुनी विमानं मोडीत काढताना अशीच तोडायचे, गाडीत मावावीत म्हणून. कोसळलेल्या विमानाचा पत्रा असा नसतो. तो चुरगळतो, फाटतो, रिव्हेटच्या भोकातून उसवत जातो. जळाला तर कडेला वितळून मणी होतात. यातलं इथे काहीच नाही. हा लिलावात विकला गेलेला माल. मामांना विचारा, घरात कुणी लिलावातून काही आणत होतं का.

डार्टकाका | 16 एप्रिल, रात्री 11.10

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. नोकरीची बरीच वर्षं दाबोळीला नौदलाच्या हँगरमध्ये गेली, विमानांच्या देखभालीवर. कालपासून फोटो तीन उघडून बसलो आहे.

सांब्राकर, फ्रेंच हे तुमचं म्हणणं बरोबर, मेट्रिक मापानेही ते धरलं. पण तुफानी नसावं. तिची चाकं पंखाच्या जाडीतच दुमडायची, पंख वरून साफ. इथे पत्रा दोन्ही बाजूंनी वळतो, पुढे निमुळता होतो, आणि वर ‘चालू नये’ लिहिलेलं आहे. पंखावर पाय पडेल अशा जागी एवढा फुगवटा कुठल्या फ्रेंच विमानाला होता? चेतकला, म्हणजे मूळच्या अलुएतला, पंखच नाहीत. मिस्तेरचे पंखही सपाट. उरतं एक.

ब्रेगे या फ्रेंच कंपनीचं अलिझे, नौदलाचं पाणबुड्या शोधणारं विमान. त्याच्या दोन्ही पंखांना पुढच्या कडेबाहेर आलेला एकेक लांबट फुगा असे. चाकं त्यात जायची, आणि पाणबुडीचा आवाज टिपायला पाण्यात टाकायचे सोनोबॉय त्याच्या पुढच्या भागात ठेवलेले असायचे. हा पत्रा त्या फुग्याचं वरचं कवच असावा असं माझं मन सांगतंय. पण मनाचं कोर्टात चालत नाही. आतल्या पट्ट्यांवर टॉर्च आडवा धरा, जवळजवळ टेकवून. समोरून उजेड मारला तर ठसे दिसत नाहीत, कडेने मारला की सावली पडते. ठसा लागला की वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने फिरवा.

आणखी एक. कुठे इंग्रजी पाटी सापडली म्हणून अलिझे रद्द करू नका. त्याचं इंजिन ब्रिटिश होतं, रोल्स-रॉईसचं डार्ट. तेच इंजिन अ‍ॅव्रो 748 ला, फोकर फ्रेंडशिपला आणि व्हायकाउंटलाही. डार्टचा तुकडा सापडला म्हणून विमान ओळखता येत नाही. आपल्या नौदलाच्या सी हॉक या ब्रिटिश लढाऊ विमानाचंही तसंच. आराखडा हॉकरचा, पण बांधलं आर्मस्ट्राँग व्हिटवर्थने, पाटीवर नाव त्यांचं. नव्या पोरांची तिथे हमखास गफलत व्हायची.

ठिगळाबद्दल नंतर लिहितो.

मालन_पेडणे | 17 एप्रिल, सकाळी 9.00

अलिझे म्हणजे काय हो काका? आई विचारते आहे.

डार्टकाका | 17 एप्रिल, सकाळी 9.30

व्यापारी वारे, ताई. भूगोलात शिकवतात ते.

रिव्हेटमोजणी | 17 एप्रिल, सकाळी 10.15

संग्रहालयात सीलँडही आहे, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं. नौदलाने अशी 10 घेतली होती, पहिलं 1953 साली आलं. आजोबांचं ‘समुद्रावरचं विमान’ म्हणून मी ते तपासून पाहिलं. पण ते बेलफास्टचं, मापं इंचात. 500 मिलिमीटरच्या ओळीपुढे ते टिकत नाही.

अंत्रुजकार | 17 एप्रिल, रात्री 10.50

हात थरथरत होते म्हणून अक्षरं वेडीवाकडी आली आहेत, कागदाचा फोटो समजून घ्या.

टॉर्च आडवा धरल्यावर वरच्या पट्टीवर ठशाचे आकडे उमटले. सुरुवात 1050, मग एक आडवी रेघ, मग आणखी पाच आकडे, शेवटचे दोन अस्पष्ट. खालच्या पट्टीच्या मागच्या बाजूला निळसर शाईत ए-यू-4-जी, पुन्हा पुन्हा, तिरप्या ओळीत. काथ्या फिरवला असता तर हे आज नसतं.

रिव्हेटमोजणी | 17 एप्रिल, रात्री 11.00

ए-यू-4-जी हे फ्रेंच ड्युरल्युमिनचं, म्हणजे विमानाच्या पत्र्यासाठीच्या मिश्रधातूचं नाव. ए म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, यू म्हणजे तांबं, 4 म्हणजे ते चार टक्क्यांच्या आसपास. अमेरिकन पत्र्यावर 24एस-टी दिसलं असतं, ब्रिटिश पत्र्यावर डी-टी-डी आणि आकडा.

आणि ब्रेगे कंपनीत अलिझेचा टाइप क्रमांक होता 1050.

सांब्राकर | 17 एप्रिल, रात्री 11.20

तुफानी मागे घेतो. आनंदाने घेतो. काय दिवस आहे हा!

अंत्रुजकार | 21 एप्रिल, रात्री 9.15

रविवारी मामांना घेऊन बोगमाळोला गेलो. आधी घरी पत्र्याच्या बाकानुसार पुठ्ठा कापून घेतला होता. संग्रहालयातलं अलिझे उघड्यावरच आहे. हात लावला नाही, दोरीच्या बाहेर उभं राहून पुठ्ठा डोळ्यासमोर धरला आणि त्याच कोनातून फोटो काढले. पंखाच्या फुग्याचा वरचा बाक आणि पुठ्ठ्याची कड जुळते. स्क्रूच्या दोन भोकांमध्ये रिव्हेट किती ते मोजलं. त्यांच्याकडे सहा, आमच्याकडेही सहा. कडेला दुहेरी ओळ आणि निमुळत्या टोकाकडे एकेरी, तीही तशीच.

मामा बराच वेळ विमानासमोर उभे होते. परतताना गाडीत बोलले. आजोबांनी एकदा लिलावातून आलेल्या मालातून तांब्याची तार घेतली होती, विहिरीच्या पंपासाठी. तिच्याबरोबर हा पत्रा फुकट आला. पोर्तुगीज विमानाची गोष्ट नंतर कुणी जोडली ते त्यांना आठवत नाही. मोडवाले, तुम्ही नुसत्या कडेवरून सांगितलंत.

डार्टकाका, ठिगळाचं राहिलं.

डार्टकाका | 22 एप्रिल, पहाटे 5.40

राहिलं नव्हतं, लिहायला बसवत नव्हतं.

तुमचं माप चुकलं नाही. आठ घरं 203 म्हणजे एकेक घर एक इंचाचं. विमान फ्रेंच, पण ठिगळ इंचाच्या पट्टीने आखलेलं. फ्रान्समध्ये कुणी असं करणार नाही. आपल्या हँगरमध्ये पट्ट्या, ड्रिल, रिव्हेट सगळं ब्रिटिश मापाचं असायचं, सी हॉकपासून चालत आलेलं. ते ठिगळ इकडे मारलेलं आहे.

फोटो मोठा करून त्याचे कोपरे बघा. चारही गोल केलेत. टोकदार कोपरा ठेवला की पत्र्याला तिथून चीर जाते, म्हणून शिकाऊ मुलाला पहिल्या आठवड्यात कानस देऊन कोपरे गोल करायला बसवायचे. रिव्हेटांची डोकी बघा, एकसारखी दबली आहेत, एकही तिरपं नाही, बाजूच्या पत्र्यावर हातोडीचा एक ओरखडा नाही. बाहेरून हातोडी चालवणारा एक आणि आतून लोखंडी ठोकळा धरणारा एक, दोघांचा हात जुळल्याशिवाय असं काम होत नाही. समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, मग रात्री दिव्याखाली अशी कामं चालायची, कारण पहाटे ते परत उडणार असायचं.

1971 च्या युद्धात हीच विमानं विक्रांतवरून चितगाव आणि कॉक्सबाजारपर्यंत गेली. पश्चिमेकडे 10 डिसेंबरला एक अलिझे पाकिस्तानच्या स्टारफायटरने पाडलं. आतले तिघे परत आले नाहीत. ज्यांनी ती विमानं डागडुजी करून उडती ठेवली त्यांची नावं पत्र्यावर नसतात. ठिगळ असतं.

हे कुणाच्या हातचं, ते मला सांगता येणार नाही. पण काम आमच्याकडचं आहे.

अंत्रुजकार | 22 एप्रिल, सकाळी 7.30

काका, मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी पत्रा गोठ्यातून पडवीत आणून उभा केलाय, ठिगळाची बाजू बाहेर. खाली लाकडाचे ठोकळे घातलेत, जमिनीची ओल लागू नये म्हणून. विचारतायत, तुम्ही कधी येता.

डार्टकाका | 22 एप्रिल, सकाळी 7.45

येत्या रविवारी सकाळी. वास्कोहून बसने येतो, उतरायचं कुठे तेवढं कळवा. येताना माझी जुनी स्टीलची पट्टी आणतो. इंचाची.